ऑल्ट २०५: ‘द ड्रॉ’ तीस वर्षांनी पुन्हा चालवून पाहिला

‘द ड्रॉ’ हा डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर, चालणारा अक्षरांनी चित्रं काढायचा प्रोग्राम. मी शिकवायचे त्या कॉम्प्युटर क्लासातली मुलं याला ‘थेड्रॉ’ म्हणायची. डॉसमध्ये फाइलच्या नावात जागा सोडता येत नसे. त्यामुळे टी-एच-ई आणि पुढचं ड्रॉ सलग चिकटलेलं, आणि मुलांनी दिसलं तसं वाचलं. दोनेक वर्षं मीही तेच म्हणत होते. खरं नाव ‘द ड्रॉ’ हे कळल्यावरही जिभेवरचं काही गेलं नाही, तेव्हा खाली कुठे थेड्रॉ आलं तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात तो पुन्हा चालवला, पण हौसेने नाही. आमच्या घरासमोर एक डिझाईन मास्तर राहायचे. सोलापूरच्या पूर्व भागात घरटी कुणीतरी मागाशी बांधलेलं असतं. हे मास्तर चादरी आणि टॉवेलची नक्षी ग्राफ कागदावर काढून द्यायचे. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचा नातू दारात आला आणि म्हणाला, “मावशी, आजोबांनी तुमच्या कॉम्प्युटरवर एक मोर काढला होता म्हणे. तो आहे का अजून?”

मोर होता. माळ्यावर, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, साडेतीन इंची फ्लॉपीवर. डब्यातल्या निम्म्या फ्लॉप्यांना बुरशी लागली होती, ही वाचली. वर माझ्याच अक्षरात ‘थेड्रॉ + मोर’ असं लिहिलेलं. यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून दोन दिवसांसाठी आणला आणि काम सुरू झालं.

ज्यांनी हा प्रोग्राम पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. इयन डेव्हिस नावाच्या माणसाने १९८६ मध्ये याची पहिली आवृत्ती काढली. शेवटची सार्वजनिक आवृत्ती ४.६३, ऑक्टोबर १९९३ ची. माझ्याकडे तीच आहे. शेअरवेअर होता, म्हणजे वापरून बघा, आवडला तर पैसे पाठवा. मी पाठवले नाहीत. परदेशात पैसे कसे पाठवायचे हे क्लासात कुणालाच माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणी शोधलंही नाही. अमेरिकेत तेव्हा लोक टेलिफोनला मोडेम लावून एकमेकांच्या कॉम्प्युटरवर जायचे, बुलेटिन बोर्ड म्हणायचे त्याला. त्या बोर्डांच्या दारावरची रंगीत चित्रं अशा प्रोग्रामात तयार व्हायची. मोडेम सेकंदाला २४०० बिट्सचा असेल तर सेकंदाला साधारण २४० अक्षरं यायची. म्हणजे भरलेला पडदा उतरायला आठ सेकंदांच्या वर वेळ, आणि चित्र डोळ्यांदेखत वरून खाली रंगत जायचं. हे सगळं मला नंतर कळलं. आमच्याकडे तेव्हा फोन लागला तरी पेढे वाटायची वेळ.

यात रेघा, वर्तुळं, ब्रश काही नाही. चित्र अक्षरांनीच काढायचं. पडद्यावर ८० घरं आडवी आणि २५ ओळी, एकूण २००० घरं. प्रत्येक घरात दोनच गोष्टी ठरतात, अक्षर कुठलं आणि रंग कुठला. त्या दोन्हींना एकेक बाइट, म्हणजे अख्खं चित्र ४००० बाइट्सचं. माझ्या फोनमधल्या एका फोटोच्या जागेत अशी हजार चित्रं राहतील.

अक्षरं म्हणजे ए-बी-सी-डी नव्हेत. आयबीएमच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये २५६ चिन्हांचा एक ठरलेला तक्ता असायचा. त्यात १७६ ते २२३ या आकड्यांवर आडव्या-उभ्या रेघा, कोपरे, दुहेरी चौकटीचे तुकडे आणि ठोकळे बसवलेले आहेत. क्लासात मी मुलांना आधी ऑल्ट दाबून धरून उजवीकडच्या आकड्यांवर २०५ टाइप करायला लावायचे. ऑल्ट सोडला की दुहेरी आडवी रेघ. १८६ म्हणजे दुहेरी उभी, २०१ डावा वरचा कोपरा, १८७ उजवा. मुलांना पाढ्यांपेक्षा हे लवकर पाठ व्हायचं. द ड्रॉमध्ये ही कसरत करावी लागत नाही, चिन्हं दहा-दहाच्या संचांत एफ१ ते एफ१० या बटणांवर येतात. ऑल्ट धरून एफचं बटण दाबलं की दुसरा संच. विंडोजमध्ये ऑल्ट-एफ४ म्हणजे दुकान बंद, त्यामुळे आता तिथे जाताना बोट थबकतं. तेव्हा डोळे मिटून दाबायचे.

मी सगळ्यात जास्त वापरला तो ठोकळ्यांचा संच. विरळ जाळी, मध्यम जाळी, दाट जाळी, मग भरीव ठोकळा, आणि पुढे अर्धे ठोकळे. या अर्ध्या ठोकळ्यांवर मी जीव टाकते.

का ते सांगते. पडद्यावरचं एक घर रुंदीला ५ तर उंचीला १२ अशा मापाचं असतं, उभ्या विटेसारखं. त्यात गोल काढायला गेलात तर अंडं होतं. पण त्या विटेचे वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन भाग केले की प्रत्येकाचं माप ५ ला ६. जवळजवळ चौरस! एका घराला अक्षराचा एक आणि मागचा एक असे दोन रंग देता येतात. वरचा-अर्धा ठोकळा ठेवला की वर अक्षराचा रंग दिसतो, खाली मागचा. म्हणजे ८० बाय २५ चा पडदा ८० बाय ५० चा ग्राफ कागद होतो. हे मला कुणी शिकवलं नाही, एका रात्री आपोआप सापडलं. नवऱ्याला उठवून दाखवलं, तर तो म्हणाला, “सकाळी बघू.”

याचा पहिला उपयोग ‘श्री’साठी. दुकानदाराला बिलिंगचा प्रोग्राम बसवून दिला की त्याचा पहिला प्रश्न हिशेबाचा नसायचा. “मॅडम, सुरुवातीला वर श्री येईल ना?” पाडव्याच्या वहीवर असतो तसा. द ड्रॉबरोबर मोठमोठ्या अक्षरांचे फॉन्ट येतात, रंगीतसुद्धा, पण सगळे इंग्रजी. श्री हातानेच घडवायचा. शिरोरेघ म्हणजे वरच्या-अर्ध्या ठोकळ्यांची २६ घरांची रांग. तिथे भरीव ठोकळे वापरले तर शिरोरेघ दुकानाच्या शटरसारखी दिसते. उभ्या दांड्याला उलटं, एका घराची रुंदी पुरत नाही, दोन-दोन भरीव ठोकळे शेजारी लावायचे. र ची तिरकी रेघ सगळ्यात समाधान देणारी. उजव्या घरात वरचा अर्धा, त्याच्या डावीकडे खालचा अर्धा, मग एक ओळ उतरून पुन्हा वरचा अर्धा, पुन्हा खालचा अर्धा. पायऱ्या असतात, पण चार हातांवरून बघितलं की बोरूने ओढल्यासारखी दिसते. श चं डोकं मात्र मला कधीच मनासारखं जमलं नाही. गोल गाठ आठ घरांत बसवायची म्हणजे लाडू आगपेटीत भरायचा.

पहिल्या वेळी वेलांटीसाठी वर जागा ठेवायचीच राहिली. शिरोरेघ मी पहिल्याच ओळीवर ओढून बसले होते. वेलांटी नंतर घालू म्हटलं आणि विसरले. नव्या पेठेतल्या एका दुकानात आठ दिवस रोज सकाळी पडद्यावर भलामोठा ‘श्रा’ झळकत होता. मालकाला दिसलं नाही, नोकरांना दिसलं नाही. मालकांच्या आई एक दिवस गल्ल्यावर बसल्या आणि त्यांनी पकडलं. तेव्हापासून शिरोरेघेवर तीन ओळी मोकळ्या सोडते.

रंगांची गोष्ट अशी. अक्षराला १६ रंग, मागे फक्त ८, आणि तेही मंद. उजळ पिवळा मागे घालता येत नाही. मागच्या रंगाचा चौथा बिट उजळपणासाठी मोकळा नाही, तो अक्षर लुकलुकवण्यासाठी राखलेला आहे. त्यामुळे एका घरात वर उजळ पिवळा आणि खाली उजळ लाल अशी जोडी बसत नाही, एकाला मंद व्हावंच लागतं. म्हणजे चित्र काढताना प्रत्येक घरात कोण पुढे आणि कोण मागे हे ठरवत बसायचं. शिवाय या आठांत पिवळा मंद केला की तपकिरी होतो. हिशेबाने तो शेवाळी पिवळा यायला हवा, पण आयबीएमने त्यातला हिरवा मुद्दाम कमी केला. मला तो तपकिरी फार आवडतो, अंगणात सारवून वर गेरू फिरवल्यासारखा.

आमच्या क्लासातल्या तीन मशिनींपैकी दोन मोनोक्रोम होत्या. तिथे रंग दिसायचे नाहीत, पण निळं अक्षर टाइप केलं की त्याच्या खाली रेघ यायची! जुन्या मोनोक्रोम कार्डाने निळ्याचा तोच अर्थ लावलेला. मुलं म्हणायची, “मॅडम, निळा म्हणजे अधोरेखित.” मी म्हणायचे, हो, परीक्षेत असं लिहू नका.

आणखी एक बारकी गोष्ट, जी फक्त खऱ्या जुन्या मॉनिटरवर दिसते. व्हीजीएवर, म्हणजे त्या काळच्या पडदा चालवणाऱ्या कार्डावर, अक्षर आठ ठिपके रुंद आणि घर नऊ ठिपके. नववा ठिपका रिकामा. चौकटीच्या रेघा आणि भरीव ठोकळे तुटू नयेत म्हणून १९२ ते २२३ या चिन्हांचा आठवा ठिपका कार्ड आपोआप नवव्यावर पसरवतं. जाळीचे तीन ठोकळे, १७६ ते १७८, त्या पट्ट्याच्या बाहेर पडतात. म्हणून जाळीने रंगवलेल्या जागेत उभ्या, केसाएवढ्या फटी राहतात. लोक याला दोष म्हणायचे. आमच्या मास्तरांनी बघितलं आणि म्हणाले, “अक्का, हे तर कापड दिसतंय.”

मास्तर संध्याकाळी यायचे ते वीज गेल्यावर गप्पा मारायला आणि वीज आल्यावर परत जायला. एकदा वीज आली तरी थांबले. मी श्री दुरुस्त करत होते. ते बराच वेळ मागे उभे राहिले आणि विचारलं, “हा ग्राफ खोडता येतो?”

कागदावर त्यांचं काम असं चालायचं. एकेक चौकोन म्हणजे उभा आणि आडवा धागा जिथे एकमेकांना ओलांडतात ती जागा. उभा धागा वर हवा असेल तिथे लाल रंग भरायचा, नसेल तिथे कोरा ठेवायचा. त्यावरून पुढे जॅकार्डची, म्हणजे मागाला कुठला धागा उचलायचा ते सांगणारी, भोकांची कार्डं पंच होणार. चौकोन आठ-आठच्या गटांत मोजायचे. एक चौकोन चुकला तर ब्लेडने रंग खरवडायचा, कागद फाटला तर मागून चिकटवायचं. कापडात इंचाला उभे धागे आणि आडवे धागे सारखे नसतात, म्हणून त्यांच्या ग्राफवरचे चौकोनही चौरस नसायचे. माझा ५ ला ६ चा चौकोन बघून त्यांना नवल वाटलं नाही, उलट ओळखीचा वाटला.

त्यांना शिकवायला दहा मिनिटं लागली. बाण, एफ४, स्पेस. रंग भरायचा असेल तिथे ठोकळा, खोडायचं असेल तिथे स्पेस. अर्ध्या ठोकळ्यांचं गणित त्यांना नको होतं, ते माझ्याकडे. ते बोटाने पडद्यावर दाखवायचे, “इथे वरचा. इथे खालचा. इथे दोन्ही.” दर आठव्या घरात मी मधल्या उंचीचा बारीक ठिपका ठेवून दिला होता, तक्त्यातलं २५०. कर्सर कुठल्या घरात, कुठल्या ओळीत आहे ते पट्टीत आकड्यांत दिसतं, तेही त्यांना फार आवडलं. चार संध्याकाळी लागल्या. ६४ धागे रुंद, ४८ उंच असा टॉवेलच्या काठासाठी मोर. एक तुकडा चौकटीत धरून त्याची नक्कल दुसरीकडे ठेवता येते. पिसाऱ्यातला एक डोळा काढला आणि अकरा वेळा चिकटवला. मास्तर म्हणाले, “अकरा वेळा हात दुखला असता.” समोरासमोरच्या जोडीतला दुसरा मोर मात्र त्यांनी स्वतःच उलट बाजूने मोजून काढला. मशीनने उलटवलेलं त्यांना पटलं नसतं असं मला वाटतं. मीही विचारलं नाही.

आमच्याकडच्या जुन्या पद्धतीच्या चादरीला दोन्ही बाजू असतात. एका बाजूला जो रंग पुढे, तोच दुसऱ्या बाजूला मागे. मास्तरांना मी एका चित्रात अक्षराचा आणि मागचा रंग अदलाबदल करून दाखवला, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “चादर उलटी केलीस.” कॉम्प्युटर शिकवताना मी पुढे हेच उदाहरण द्यायला लागले.

आता तक्रारी, आणि तक्रारींचा राजा २०५.

चित्र पडद्यावर कितीही नीट असो, ते दुसरीकडे नेलं की काय होईल याचा नेम नाही. पहिला धडा प्रिंटरचा. दुकानाच्या पावतीला दुहेरी चौकट घातली, पडद्यावर देखणी. डॉट मॅट्रिक्सवर छापली तर वरच्या रेघेच्या जागी तिरक्या ‘एम’ची लांबच लांब रांग! तेव्हाचे बरेच प्रिंटर १६० च्या पुढचे आकडे आले की त्यातून १२८ वजा करून तेच अक्षर तिरकं छापायचे. २०५ वजा १२८ म्हणजे ७७, आणि ७७ म्हणजे कॅपिटल एम. प्रिंटरच्या पोटातला एक बारका स्विच टाचणीने सरकवला की तक्ता बदलतो आणि रेघा येतात. हे कळेपर्यंत दीड रिळ कागद गेला, तोही दुकानदाराचा.

दुसरा धडा साठवण्याचा. साठवताना द ड्रॉ विचारतो, कशा रूपात? ॲन्सी रूप घेतलं तर फाइलमध्ये मधूनमधून रंग बदलण्याच्या खुणा असतात, आणि त्या खुणा वाचायला डॉसमध्ये ॲन्सी.सिस नावाचा ड्रायव्हर आधी चढवलेला लागतो. एका तेलाच्या व्यापाऱ्याकडे तो नव्हता. उद्घाटनाला नारळ फोडला, पेढा तोंडात घातला, मशीन सुरू केलं, आणि पडदाभर डाव्या बाणापुढे चौकोनी कंस, एक, अर्धविराम, तेहेतीस, एम. शंभरदा तेच. व्यापारी म्हणाले, “हा संस्कृत श्लोक आहे का?” त्या दिवसापासून मी कॉम रूपात साठवायला लागले. त्यात चित्र स्वतःच एक छोटा प्रोग्राम होतं, ड्रायव्हर लागत नाही. बॅच फाइलमध्ये, म्हणजे एकामागून एक चालवायच्या आज्ञांच्या यादीत, पहिली ओळ श्री.कॉम, दुसरी ओळ पॉज, तिसरी बिलिंग. प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी पास्कल, सी, असेम्ब्लर अशी रूपंही आहेत, आणि निव्वळ ४००० बाइट्सचं बायनरी. हा भाग इतका विचार करून बनवलाय की इयन डेव्हिस यांना आता तरी पैसे पाठवावेत असं वाटतं.

तिसरा धडा तर आत्ता मिळाला, याच महिन्यात. त्याच फ्लॉपीवर इस्कीमध्ये टाइप केलेली काही मराठी पत्रं होती, युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरतक्त्याच्या, आधी आपल्याकडे देवनागरीसाठी वापरायचे ती सांकेतिक पद्धत. ती युनिकोडमध्ये आणताना पावतीच्या चौकटीची फाइल चुकून सोबत गेली. बाहेर आलं ते असं: पहिली ओळ ‘फयययययययझ’, मग ओळीमागून ओळ दोन्ही कडांना एकेक ‘ज’, शेवटी ‘पयययययययञ’. पाच मिनिटं मी हे कुणाचं पत्र असेल म्हणून बघत होते! मग उजेड पडला. आयबीएमने ज्या आकड्यांवर रेघा आणि कोपरे बसवले, त्याच आकड्यांवर इस्कीने आपली व्यंजनं बसवली. २०१ म्हणजे तिथे डावा कोपरा, इथे फ. १८६ म्हणजे तिथे उभी रेघ, इथे ज. २०५ म्हणजे तिथे दुहेरी रेघ, प्रिंटरला तिरका एम, आपल्याला य, आणि आजच्या विंडोजच्या साध्या नोटपॅडात उघडलं तर डोक्यावर तिरकी काडी असलेला आय. एकच बाइट. कुणाच्या दारात जातो त्यावर त्याचं नाव ठरतं.

म्हणून सांगते, यात काढलेलं काही जपायचं असेल तर फाइलबरोबर एका ओळीत लिहून ठेवा की हा आयबीएमचा जुना तक्ता आहे. माझ्या फ्लॉपीच्या चिठ्ठीवर ‘थेड्रॉ’ लिहिलेलं होतं, तेवढ्यावर निभावलं.

आज चालवायचा कसा? ६४ बिटांचं विंडोज १६ बिटांचे जुने प्रोग्राम चालवत नाही, थेट क्लिक केलंत तर नकार येईल. डॉसबॉक्स नावाचा मोफत प्रोग्राम लागतो. त्यात आपला फोल्डर माउंट करायचा आणि थेड्रॉ टाइप करून एंटर. एवढंच. माझ्या साध्या लॅपटॉपवर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडला, जुन्या ४८६ मशीनवर श्वास घ्यायचा. लॅपटॉपला उजवीकडचे आकडे नसतील तर ऑल्ट २०५ विसरा, एफच्या संचांवर काम भागवा. एफची बटणं आवाज आणि उजेड कमीजास्त करण्यात गुंतलेली असतात, तेव्हा एफएन दाबून धरा. कंट्रोल-एफ९ कडे मात्र फिरकू नका, त्याने डॉसबॉक्स न विचारता बंद होतो. माझा तासाभराचा एक कोयरीचा काठ असाच गेला.

आणि पहिल्यांदा चित्र उघडलंत तर ते बसकं दिसेल. माझा मोर बदक झाला होता. जुना मॉनिटर ७२० बाय ४०० ठिपके ४ ला ३ च्या काचेवर ताणायचा, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीच्या १.३५ पट उंच. आताच्या पडद्यावर ठिपके चौरस. डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ॲस्पेक्टपुढे ट्रू लिहा, मोर मान वर करतो.

कुणी घ्यावा? नुसती अक्षरचित्रं काढायची असतील तर पाब्लोड्रॉ किंवा मोबियस घ्या. तेही मोफत, आजच्या कॉम्प्युटरवर सरळ चालतात, माउस चालतो, डोकं कमी दुखतं. जुनं मशीन घरात असेल, किंवा मुलांना कॉम्प्युटरच्या पोटात चित्र म्हणजे काय असतं ते दाखवायचं असेल, तर थेड्रॉच. भरतकाम, विणकाम, मण्यांचं काम करणाऱ्या बायकांनाही मी हा सुचवेन. टाका मोजायची सवय असलेल्या माणसाला तो तासाभरात कळतो, ग्राफिक्स शिकलेल्याला आठवडा लागतो. मराठी मजकुरासाठी अजिबात नको. श्री एवढं एकच अक्षर काढून थांबा.

मोराचं पुढे काय झालं ते राहिलंच. नातवाच्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरला ४००० बाइट्सची फाइल समजेना, म्हणून ठरवलं की डॉसबॉक्समधून पडद्याचा फोटो काढून द्यावा. कंट्रोल-एफ५. काढला, पाठवला. अर्ध्या तासाने त्याचा फोन. “मावशी, मोराला डोळा नाही.”

मी बघितलं, माझ्या पडद्यावर डोळा होता. मग नव्हता. मग होता. तेव्हा लक्षात आलं. डोळ्याच्या घरात आम्ही मागे उजळ पिवळा घालायला गेलो होतो, आणि तो बिट लुकलुकीचा. मागे तपकिरी, वर पिवळा अर्धा ठोकळा, सेकंदाला एक-दोनदा येतो आणि जातो. मी तेव्हा तो काढून टाकणार होते. मास्तरांनीच हात धरला होता, “असू दे अक्का, जिवंत दिसतोय.” कापडात कसं विणणार हे दोघांनीही विचारलं नव्हतं.

मी पुन्हा दोन फोटो काढले, एक डोळा उघडा, एक मिटलेला. दोन्ही पाठवले. त्याने ते बघितले आणि लिहिलं, “यातला कुठला विणू?”

टॉवेलला दोन काठ असतात. मी म्हटलं, दोन्ही.